चोवीस काकड्यांची तहान

३ मार्च

लाडक्या भिंगरी,

आधी गालगुच्चा, मग बाकीचं.

तुझ्या प्रयोगशाळेचा टेम्पो काल सकाळी आला. ड्रायव्हरने चोवीस कुंड्या माझ्या काचेच्या व्हरांड्यात दोन रांगांत लावून दिल्या, सही घेतली आणि विचारलं, "कशाची रोपं म्हणायची ही?" मी म्हटलं, काकडीची. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्याची खात्रीच झाली असावी की ही बाई एकटी राहून राहून बिघडली आहे.

तुमच्या तिथलं छत गळायला लागलं हे वाईटच झालं. पण त्यामुळे माझ्याकडे पाहुणे आले. चहा मागत नाहीत, आपल्या दुखण्यांची यादी वाचत नाहीत. या वयात मला असेच पाहुणे परवडतात.

तुझा सूचनांचा कागद दोनदा वाचला. त्यातला एक शब्द मी लगेच ओळखला, मेलाटोनिन. अगं, डॉक्टरांनी मला झोपेसाठी हेच तर लिहून दिलंय. खालच्या मजल्यावरचे बँडमास्तरही अर्धी गोळी घेतात. तेव्हा यांना झोपवायचं आहे हे कळलं, आणि मी सगळी व्यवस्था केली. दुपारपासून जाड पडदे ओढून घेते. व्हरांड्यात जाताना चपला काढून लोकरी मोजे घालते. बोर्डिंगमध्ये आमच्या डॉर्मिटरीच्या सिस्टर अशाच यायच्या, पाऊल वाजायचं नाही, पण तुझ्या आईला बरोबर कळायचं आणि ती गोष्टीचं पुस्तक उशीखाली सरकवायची. मास्तरांनाही सांगितलं की ट्रम्पेटचा रियाज महिनाभर बंद. ते म्हणाले, "बाई, निवृत्त झाल्यापासून माझा बाजा ऐकायला कुणी जागं नव्हतंच. आता निदान कारण तरी सांगता येईल."

फोन करू नकोस. फोनवर तू "हं, हं" म्हणतेस आणि मागे टकाटक टाइप करतेस, ते मला ऐकू येतं. पत्र लिही.

तुझी मावशी


८ मार्च

अगं मावशी,

गालगुच्चा पोचला, दुखला. आता हे पत्र हातात असतानाच ऊठ आणि पडदे उघड. पुढचं नंतर वाच.

उघडलेस? बरं, आता बस.

त्यांना झोपवायचं नाही. मेलाटोनिन माणसाच्या डोक्यात रात्र झाल्याची वर्दी देतं, हे खरं. पण झाडंही ते स्वतःचं स्वतः बनवतात आणि त्यांच्याकडे त्याची कामं वेगळी आहेत. मुळं फुटायला मदत करतं. पानं पिवळी पडायला उशीर लावतं. आणि ऊन, थंडी, पाण्याची टंचाई अशी संकटं आली की झाडाला तग धरायला लावतं, असं बऱ्याच जणांना दिसलंय. तुझ्यासाठी ती अंगाई असेल, काकडीसाठी ती तालीम आहे.

मी अर्ध्या बिया पेरण्याआधी मेलाटोनिनच्या पाण्यात भिजवल्या, अर्ध्या साध्या पाण्यात. नंबर आमच्या गाइड मॅडमनी टाकले आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवली. कुठल्या बारा भिजवलेल्या ते मलाही माहीत नाही, मला एखादीचा लळा लागू नये म्हणून.

आता मुख्य गोष्ट. बारा मार्चपासून सव्वीसपर्यंत त्यांना पाणी द्यायचं नाही. एक थेंबही नाही. साधी रोपं आधी माना टाकतील, भिजवलेली उशिरा टाकतील, हेच मला बघायचंय. पाणी मोजता यावं म्हणून कुंड्यांना खाली भोकही ठेवलेलं नाही, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच राहील. म्हणून तर सांगते, आत जाऊच देऊ नकोस.

मला दोनदा मुदत वाढवून मिळाली आहे, तिसऱ्यांदा नाही. बारा एप्रिलला समितीपुढे निकाल ठेवला नाही तर पीएचडीतून माझं नाव कापतील, आणि पाच वर्षं घालवून मी कुठेतरी बियांची पाकिटं विकायला बसेन. इथल्या यंत्रावर माझी पाळी चार आठवडे आहे, ती सोडून मला येता येत नाही. सगळं तुझ्या हातात आहे. खरं तर तुझ्या हातांनी काहीच न करण्यात आहे.

तुझी भिंगरी

ता. क. मास्तरांना रियाज करू दे. काकडीला कान नसतात.


१३ मार्च

भिंगरी,

पडदे उघडले, मोजे काढले, मास्तरांना परवानगी कळवली. ते जरा हिरमुसले. न वाजवण्याची सवय लागली होती म्हणाले. पानं पिवळी पडायला उशीर लागतो हे वाचून दाखवल्यावर मात्र त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "भाचीला विचारा, गळून गेलेल्या पानांसाठी काही आहे का?"

काल तुझा दुष्काळ सुरू झाला. मी झारी माळ्यावर टाकून दिली, शिडीही मास्तरांकडे पाठवली. पहिला दिवस सोपा गेला.

आज दुपारी मी जेवायला बसले आणि समोर ती चोवीस. तुला सांगते, जेवताना पाण्याचा पेला तोंडाला लावणं जिवावर आलं. मी पाठ फिरवून प्यायले.

बोर्डिंगमध्ये एकदा आम्हाला टेकडीवर चालत नेलं होतं. सिस्टरांची शिस्त अशी, की वर पोचेपर्यंत पाणी प्यायचं नाही, मनाला वळण लागतं. मनाला लागलं असेल, माझ्या पायांना लागलं नाही. मी अर्ध्या वाटेवर बसकण मारली. तुझी आई ओळीतून मागे आली, तिची बाटली माझ्या तोंडाला लावली आणि पुढे जाऊन सिस्टरांना स्वतःच सांगितलं, "मी प्यायले." शिक्षा तिला झाली. त्या दिवसापासून कुणी तहानलेलं दिसलं की मला बघवत नाही.

पण तू काळजी करू नकोस. मी आता मोठी आहे.

मावशी


१८ मार्च

मावशी,

घाईत आहे. यंत्र दहा मिनिटं माझ्याशिवाय राहू शकतं, त्यात लिहिते.

आज सातवा दिवस. साधी रोपं एव्हाना भर दुपारी माना टाकू लागली असतील. कुठले नंबर टाकतात आणि संध्याकाळी परत उठतात का, एवढं रोज लिहून ठेव. आकडे पाठव. तुझ्या आठवणी मला आवडतात, पण समितीला आकडे आवडतात.

आणि आईने तुला पाणी पाजलं ते ठीक आहे. तू प्रयोगात नव्हतीस.

भिंगरी


२१ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक.

माना कुणीच टाकलेल्या नाहीत. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. चोवीसच्या चोवीस ताठ आहेत, सात नंबरला तर नवं पान आलंय, बाळाच्या तळहाताएवढं. तेव्हा आकडा लिहायचा तर शून्य.

हवा बरी आहे. मास्तरांनी चष्म्याची काडी बदलून घेतली. ते आजकाल रोज पाचच्या सुमारास वर चक्कर मारतात, "रोपांना बघून जातो" म्हणतात. एकटा माणूस, त्यालाही विरंगुळा. मी त्या वेळी बाजारात असते, पण किल्ली त्यांना दिलेली आहे.

एक शंका. नुसती शंका हो. समजा, एखाद्या प्रयोगात, दुसऱ्या कुणाच्या, कुणाकडून चुकून थोडं पाणी सांडलं, तर विज्ञानात त्याला काही क्षमा वगैरे असते का?

मावशी


२४ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला.

दहा दिवस पाणी नाही आणि चोवीसही ताठ? नवं पान? असं होऊ शकत नाही. याचा एकच अर्थ लागतो. मी बिया भिजवताना पेल्यांची अदलाबदल केली आणि चोवीसही मेलाटोनिनमध्येच भिजवल्या. त्या दिवशी मी आदल्या रात्रीपासून जागीच होते, दोन्ही पेले सारखे होते, आणि नेमका त्याच वेळी आईचा फोन आला होता. पाच वर्षं झाली मावशी, आणि मी वडाची साल पिंपळाला लावून बसले.

तुझी ती सांडण्याची शंका वाचली. तू किती गोड आहेस. चूक माझी असणार हे तुला आधीच कळलं आणि तू मला "क्षमा असते" असं आडून सुचवत होतीस.

क्षमा नसते. मी अठ्ठावीसला मॅडमना लिहून टाकणार आहे की चूक माझी, माझं नाव काढून घ्या. समितीपुढे उभं राहून हसं करून घेण्यापेक्षा ते बरं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगितलं तेवढं अगदी नेमकं केलंस. या सगळ्यात एक तूच चुकली नाहीस.

भिंगरी


२७ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आत्ता, साडेदहाला मिळालं. मी लगेच तुझ्या वसतिगृहात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, ती यंत्रापाशी आहे, निरोप द्या. "चोवीस काकड्यांचा घात झालाय" असा निरोप मी परक्या बाईला कसा देऊ? म्हणून एवढंच सांगितलं, "मॅडमना काहीही लिहू नकोस. मावशी." तो तुला मिळाला असेलच. आता कारण ऐक.

पेले अदलाबदल झाले नाहीत. पाणी मी दिलं.

चौदा तारखेपासून, रोज सकाळी, प्रत्येकीला अर्धा कप. झारी माळ्यावर होती, म्हणून चहाच्या कपाने. पहिल्या दिवशी वाटलं एकदाच. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल दिलं आणि आज नाही, हा तर जास्त दुष्टपणा. मग ते चालूच राहिलं. तुला लिहायला बसायचे तेव्हा प्रत्येक वेळी ठरवायचे की या पत्रात सांगायचं, आणि मग हवापाण्याचं लिहायचे. तुझं "एक तूच चुकली नाहीस" वाचलं आणि आधी फोन उचलला.

अजून आहे. चोवीस तारखेपर्यंत रोपं ताठ होती, पण परवापासून काही पिवळी पडू लागली. काल सकाळी बघते तर मातीवर पाणी साचलेलं, नुसता चिखल, आणि शेवाळाचा वास. मला कळेना, अर्ध्या कपाने तळं कसं झालं? काल बाजाराला दांडी मारली आणि पाच वाजता दाराआड उभी राहिले. मास्तर आले. खिशातून छोटी नळीची बाटली काढली, ट्रम्पेटमध्ये तेल सोडतात तसली पण मोठी, आणि एकेका कुंडीत पाणी सोडायला लागले. तोंडाने हळूच, "एक दोन तीन चार. एक दोन तीन चार."

मी बाहेर आले. ते दचकले, पण मोजणी सोडली नाही. एकोणिसावी कुंडी चालू होती, चोवीस पुरी केली, मग बोलले. "बाई, मला वाटलं तुम्ही कडक शिस्तीच्या. कॉन्व्हेंटमधल्या. तुम्ही काही द्यायच्या नाहीत. म्हणून मी."

मी म्हटलं, "मास्तर, मी सकाळी देते."

ते खुर्चीत बसले. एका कुंडीच्या चिखलात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "तळं राखायला दिलं तर लोक निदान पाणी चाखतात. आपण तळ्यालाच पाजलं."

निम्म्याच्या वर पडली आहेत. बुडाशी हात लावला की देठ मऊ लागतो. तहानेनं मरायची होती, ती मी बुडवून मारली. तुझी पाच वर्षंही. मला काय हवं ते बोल.

मावशी


३० मार्च

मावशी,

काय हवं ते बोल म्हणालीस, तर बोलते.

मी जगात एकाच माणसाला काहीही न करण्याचं काम दिलं होतं, आणि त्या माणसाने ते करायला मदतनीस ठेवला. मी काल दिवसभर तुझ्यावर चिडले. यंत्रावर चिडले. आईला फोन करून टेकडीवर तुला पाणी का पाजलंस म्हणून भांडले. ती म्हणाली, "मग काय करणार होते, ती रडायला लागली की शेजारच्या शाळेपर्यंत ऐकू जायचं." तुम्हा बहिणींपुढे कुणाचं चालत नाही.

आणि तू खोटं लिहिलंस, त्याचं मला पाण्यापेक्षा जास्त लागलं. मी दोन रात्री स्वतःला मूर्ख म्हणत होते. ते तुला कळावं म्हणून लिहिते, पुन्हा काढणार नाही.

मॅडमना मी काही लिहिलं नव्हतं. निरोप वेळेवर मिळाला.

आता नीट वाच. तुझ्या पत्रात "निम्म्याच्या वर पडली" असं आहे, म्हणजे काही पडलेली नाहीत. सारखंच पाणी मिळूनही? की कुणाला कमी मिळालं? लाडकी कुठली, दुर्लक्षित कुठली, कुणाला विसरलात, सगळं खरं खरं लिही. उभ्या असलेल्यांचे नंबर लिही. कशालाही हात लावू नकोस. पाणी देऊ नकोस, काढूही नकोस, सांत्वनही करू नकोस.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

बोललीस ते बरं केलंस. खोट्याबद्दल माफ कर. पुढचं सगळं खरं आहे, खाली मास्तरांचीही सही आहे.

कुणालाही कमी मिळालेलं नाही. सिस्टर खाऊ वाटायच्या तेव्हा पट्टीने मोजून वाटायच्या, आणि कुणाचा तुकडा मोठा दिसला तर आम्ही रडायचो. तेव्हापासून मला कमी-जास्त वाटताच येत नाही. सात नंबर माझी लाडकी होती, कबूल. म्हणून तिला देताना मी कप डोळ्यांपुढे धरून बघायचे, जास्त तर जात नाही ना. कपाला आत अर्ध्यावर निळी रेघ आहे, तिथपर्यंतच. मास्तरांचं म्हणणं, त्यांनी प्रत्येकीला चार मात्रा सोडल्या, चाळीस वर्षांत त्यांची मात्रा कधी चुकली नाही, आणि याबद्दल समितीला शंका असेल तर ते येऊन वाजवून दाखवतील.

उभी आहेत ती अशी: २, ३, ५, ८, ९, १२, १४, १७, २०, २१, २३. अकरा. पैकी बऱ्याच जणींना देठाच्या बुडाशी, चिखलाच्या वर, पांढऱ्या बारीक मुळ्या फुटल्यात, मास्तरांच्या न केलेल्या दाढीसारख्या. बाकीच्या तेरा गेल्या. सात नंबरही गेली. तिचं पान मी वहीत ठेवलंय. हात लावू नकोस म्हणालीस, पण ते आपोआप पडलं होतं.

मावशी

(मजकूर खरा आहे. चार मात्रा. सही: बँडमास्तर, निवृत्त)


१४ एप्रिल

मावशी,

परवा समिती झाली. सगळं क्रमाने सांगते, मध्ये उठू नकोस.

मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, "माझा दुष्काळाचा प्रयोग बुडाला." अध्यक्ष म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, "नाही सर, खरंच बुडाला. पाण्यात." मग मी तुझी पत्रं वाचून दाखवली. सगळी नाही, टेकडीची नाही. कपाची, निळ्या रेघेची आणि चार मात्रांची. एक वयस्कर परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. दुसऱ्यांनी विचारलं, "प्रत्येक कुंडीला सारखंच मिळालं, याला पुरावा काय?" आमच्या मॅडम, ज्या कधी हसत नाहीत, म्हणाल्या, "सर, दया इतकी काटेकोर मी आजवर पाहिली नाही. माझ्या विद्यार्थ्यांना पगार देऊनही असं जमत नाही."

मग त्यांनी पाकीट फोडलं. उभ्या राहिलेल्या अकरांपैकी नऊ मेलाटोनिनमध्ये भिजवलेल्या निघाल्या. पडलेल्या तेरांपैकी तीनच. मी दुष्काळात बघायला गेले होते ते पुरात दिसलं.

चोवीस कुंड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं, आणि बरोबरच आहे. योगायोगही असू शकतो. पण माझं नाव कापलेलं नाही, मावशी. सहा महिने मिळाले. विषय बदलून "साचलेल्या पाण्यात मेलाटोनिन" असा करायचा आणि हाच प्रयोग बहात्तर कुंड्यांवर पुन्हा करायचा. अट एकच, सगळं जसंच्या तसं हवं. तोच व्हरांडा, तोच कप, तीच वेळ, तीच दोन माणसं.

तेव्हा आता रीतसर विचारते. पुढच्या महिन्यात टेम्पो येईल. बहात्तर रोपांना तू रोज सकाळी अर्धा कप आणि मास्तरांनी संध्याकाळी चार मात्रा पाणी द्यायचं, मुळं बुडेपर्यंत. मॅडमनी तुम्हा दोघांची नावं मदतनीस म्हणून कागदावर घातली आहेत. करशील ना?

तुझी भिंगरी


१८ एप्रिल

माझ्या भिंगरी,

पत्र वाचून मी मास्तरांना जिन्यावरूनच हाक मारली. त्यांनी ट्रम्पेट काढलं आणि असं काही वाजवलं की समोरच्या शिंप्याने दुकानाबाहेर येऊन विचारलं, कुणाचं लग्न? मी म्हटलं, लग्न नाही, भाचीचं नाव राहिलं.

कुंड्या पाठव. व्हरांडा धुऊन ठेवलाय, वरच्या रांगेसाठी मास्तर फळ्या ठोकताहेत.

पण तुझं ते पाण्याचं काम आम्हाला जमायचं नाही. काल रात्रभर विचार केला. सकाळी उठायचं, कप भरायचा आणि बहात्तर जिवांना मुद्दाम, ठरवून, कागदावर सही करून बुडवायचं? माझा हात उचलला जाणार नाही. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, त्यांचीही मात्रा चुकेल.

तेव्हा तू असं कर. मागच्यासारखंच पत्र पाठव, ठळक अक्षरात: एक थेंबही पाणी द्यायचं नाही. बाकीचं आम्ही बघतो.

तुझी मावशी